तिसऱ्या दिवसाचा आकडा

३ मार्च, सोमवार
अखेर ड्रायव्हर भरती झाला. चार वर्षं ओपीडीत येतोय, तेव्हापासून मी त्याला मनात हेच म्हणते. अल्सरेटिव्ह कोलायटिस — मोठ्या आतड्याला सूज, व्रण, रक्त. आणि काम काय, तर शहरातली बस चालवायचं! मार्गावरचा प्रत्येक संडास त्याला पाठ आहे. घाई झाली की "टायर बघून येतो" म्हणून उतरतो. प्रवाशांना वाटतं, काय काळजी घेतो हा माणूस टायरची.

या वेळी मात्र थट्टा नाही. दिवसाला बारा वेळा जातोय, नुसतं रक्त. नाडी १०८, ताप, चेहरा पांढराफटक. स्टिरॉइडच्या गोळ्या पंधरा दिवस घेऊन ढिम्म फरक नाही. शिरेतून सुरू केलं. जंतूंसाठी शी तपासायला पाठवली, पोटाचा एक्स-रे काढला, दुर्बिणीतून तुकडा घेतला. क्षयाच्या आणि काविळीच्या तपासण्या आजच उरकल्या. पुढचं औषध द्यायची वेळ आली तर तिथे दोन दिवस वाया जायला नकोत. रक्त पातळ करायचं इंजेक्शन लिहिलं तेव्हा त्याची बायको घाबरलीच. "रक्त जातंय आणि वर पातळ करताय?" समजावलं — आतडं एवढं सुजलं की पायात गुठळ्या होतात, त्या जीवावर बेततात. पटलं की नाही कोण जाणे, मान हलवली.

पलंगाला तक्ता बांधला. माझा तक्ता. पूर्वी संडास धुणाऱ्या मावशी — वॉर्डात सगळ्यांत जुन्या त्याच — कोण किती वेळा गेलं ते अंदाजे सांगायच्या आणि सिस्टर लिहून घ्यायच्या. मागच्या वर्षी मी ते बंद केलं. पेशंटने स्वतःच्या हाताने रेघ मारायची. मोठ्या सरांनी भर सभेत कौतुक केलं होतं. मावशी एवढंच म्हणाल्या, "लिहू देत की."

४ मार्च, मंगळवार
ड्रायव्हरने विचारलं, पुढे काय? मी काही लपवलं नाही. म्हटलं, उद्या तिसरा दिवस, उद्या ठरवायचं. दिवसाला आठच्या वर गेलात तर स्टिरॉइड हरलं. आठच्या आत असलात पण रक्तातला सुजेचा आकडा, तो सीआरपी, पंचेचाळीसच्या वर असला तरी हरलंच. मग एक तर दुसरं भारी औषध, नाहीतर सर्जन.

"सर्जन म्हणजे पिशवी?"

हो म्हटलं. मोठं आतडं काढायचं, पोटावर पिशवी. माणसं पिशवी लावून पोहतात, नोकऱ्या करतात.

"बस चालवतात?"

"चालवतात."

त्याचा विश्वास बसला नाही, दिसतच होतं. मग हसून म्हणाला, "म्हणजे आठच्या वर गेलो की नापास!" मीही हसले. म्हटलं, तसंच समजा. पेशंटला अंधारात ठेवायचं नाही हे आपलं पहिल्यापासूनचं. आज स्वतःवर जरा खूष आहे.

५ मार्च, बुधवार
पाच! बारावरून पाच. सीआरपी ४१. ड्रायव्हरने तक्ता शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखा पुढे केला. मोठे सर फेरीला आले, पाच बघितलं, "छान, हेच चालू ठेव" म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे वळले.

सर्जनला खरं तर आधीच दाखवून ठेवायचं असतं. पण आकडा पाच असताना त्याला कशाला नाचवायचं? आम्ही त्याला 'शिवणकाम' म्हणतो. तो आला की हातात सुई-दोरा घेऊनच येतो. राहू दे.

६ मार्च, गुरुवार
सहा. सीआरपी ४३. चालतंय.

७ मार्च, शुक्रवार
चालत नाहीये. तक्ता पाच म्हणतोय. पण नाडी ११४, रक्तातलं प्रथिन घसरलंय, पोटॅशियम खाली. डोळे खोल गेलेत. पाच वेळा जाणारा माणूस असा दिसत नाही. दोनदा विचारलं, "नक्की पाच?" त्याने तक्त्याकडे बोट दाखवलं. बायको खिडकीबाहेर बघत होती.

सरांना फोन केला. म्हणाले, "आकडे बरे आहेत ना? सोमवारपर्यंत बघू." मी बरं म्हटलं. वाद घालायला हवा होता. घरी आईने विचारलं, जेवताना लक्ष कुठे आहे तुझं? तिच्यावर उगीच खेकसले. वड्याचं तेल वांग्यावर. आई ताट उचलून घेऊन गेली.

८ मार्च, शनिवार
सकाळी तक्त्यावर एकच रेघ. "मॅडम, रात्रीपासून एकदाच!" — या वेळी खरं लिहिलं होतं त्याने. आणि पोट फुगलेलं, टच्च. हात ठेवला आणि तसाच एक्स-रेला पाठवला. आतडं थांबलं म्हणून रेघा थांबल्या होत्या. एक्स-रेवर मोठं आतडं सात सेंटिमीटर फुगलेलं, कुठल्याही क्षणी फुटेल असं.

शिवणकाम धावत आला. फिल्म बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "पाच दिवस काय करत होतीस तू?" मी तक्ता पुढे केला. दुसरं काय करणार होते?

दुपारी बारापर्यंत आतडं बाहेर. तो म्हणाला, हातात ओल्या कागदासारखं येत होतं. जीव वाचला. थोडक्यात.

ऑपरेशन चालू असताना बायको माझ्याशेजारी बाकावर बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीन वेळा गेला की एक रेघ मारायचा. मला शपथ घातली होती."

तीन स्टॉपला एक थांबा. एक्स्प्रेस बस.

९ मार्च, रविवार
श्वासाची नळी काढली. शुद्धीवर आहे. माझ्याकडे बघितलं नाही.

१२ मार्च, बुधवार
दिवसभर त्याचा राग येत होता. मी याच्यासाठी रविवारसुद्धा घरी काढला नाही, आणि हा मलाच फसवतो? सिस्टरांसमोर बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, भीतीने करतात हो माणसं.

मग संध्याकाळी मंगळवारचं पान वाचलं. उत्तीर्ण व्हायचे गुण मीच फोडले की! परीक्षेच्या आदल्या दिवशी! दोन्ही आकडे त्याला सांगितले. सीआरपी त्याच्या हातात नव्हता, रेघा होत्या. सीआरपी स्टिरॉइडनेच दबला असेल, माझं नशीब — नशीब कसलं.

ते दुसरं औषध बुधवारी दिलं असतं तर? अर्ध्याअधिक लोकांचं आतडं निदान तेव्हापुरतं तरी वाचतं. तपासण्या झालेल्या होत्या, इंजेक्शन फ्रिजमध्ये होतं. आज त्याला विचारलं, त्या औषधाचं मी बोलले होते, आठवतं? म्हणाला, "तुम्ही सर्जन म्हणालात. त्यापुढचं ऐकू आलं नाही."

१४ मार्च, शुक्रवार
बैठक. मोठे सर, शिवणकाम, सिस्टर, मी. सरांनी पाच मिनिटांत आटोपलं. "पेशंटने खोटी माहिती दिली. आपण काय, त्याच्यामागे संडासात जाणार? तसं लिही आणि सही कर." शिवणकाम काहीतरी बोलणार होता, घड्याळ बघून उठला.

मी लिहिलं — रुग्णाने शौचाची संख्या जाणूनबुजून कमी सांगितली. सही केली. बाहेर पडले तर दारात मावशी बादली घेऊन उभ्या. बाजूला झाल्या, मला वाट दिली.

त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही.

१५ मार्च, शनिवार
लिहूनच टाकते.

पाच मार्चच्या पानावर एक गोष्ट नाही. आत्ता पुन्हा उघडून बघितलं, खरंच नाही. स्वतःच्या वहीतसुद्धा चोरी केली मी.

त्या बुधवारी, फेरीच्या आधी, मावशींनी मला हात धुताना गाठलं होतं. "बाई, तो कोपऱ्यातला ड्रायव्हर पाच वेळा नाही जात. चौदा-पंधरा वेळा जातो. भांडं मी धुते, मला ठाऊक. सगळं लालच असतं." मी म्हटलं, "मावशी, तक्त्यावर पाच आहे." त्या म्हणाल्या, "तक्ता कुठे संडासात जातो?" मला हसू आलं नाही, रागच आला. म्हटलं, पेशंटचं पेशंट लिहील, तुम्ही तुमचं काम बघा. त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या.

मला पटलं होतं. हेच लिहायचंय. तेव्हाच, हात पुसता पुसता पटलं होतं. संडासाच्या दारात अर्धा तास उभी राहिले असते तरी पुरे होतं. पण ते मान्य करायचं म्हणजे वर्षभर मिरवलेला तक्ता चुकला म्हणायचं, आणि तेही सर वॉर्डात शिरत असताना. तेवढ्यासाठी मी गप्प बसले. तेवढ्यासाठी एका माणसाचं आतडं!

मावशी बैठकीत नव्हत्या. त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. मीही नाही.

१७ मार्च, सोमवार
सकाळी सरांना सांगितलं, कागद बदलायचाय. ते बरंच काही बोलले. मग ड्रायव्हरच्या पलंगापाशी बसले आणि सगळं सांगितलं, मावशींसकट. म्हटलं, मला बुधवारीच कळलं होतं.

तो पिशवीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "ठाऊक आहे मॅडम. मावशी त्याच दिवशी म्हणाल्या होत्या मला, बाईंच्या कानावर घातलंय म्हणून. गुरुवारी मी खरं सांगणारच होतो. पण तुम्ही आलात, तक्ता बघितलात, काही बोलला नाहीत. मग म्हटलं, यांना सगळं माहितीये आणि तरी गप्प आहेत, म्हणजे एवढं चालत असेल."