एक सुई साखरेची, एक गॅलियमची

अनसिंग, मंगळवार

आदरणीय बबनराव भाऊजींस,

देवमनचा सप्रेम जयभीम. तुमी अन् माही ताई तिकडे धनज गावाले खुशाल असान असं धरून चालतो. इकडे मी जरा चमकून आलो, त्याची ही हकीकत.

तीन वर्षांमागं आपल्या दोघांचंबी प्रोस्टेटचं ऑपरेशन एकाच महिन्यात झालं, ते तुमाले आठवतच असन. औंदा माहा पीएसए, म्हणजे रक्तातला तो आकडा, चढू लागला. कॅन्सर परतला, पण लपला कुठं ते कळेना. शेजारच्या लखीरामचं फुफ्फुसाचं दुखणं साखरेच्या सुईनं सापडलं होतं, म्हणून नागपूरले मीबी त्याच स्कॅनचा हट्ट धरला. (चार वर्षांपासून फिका चहा पिऊन राह्यलो, अन् यायनं सरळ नसेतच साखर सोडली.) कॅन्सर साखर खाते अन् फोटोत चमकते, असा त्यातला मेळ. पण तिथल्या डॉक्टरीणबाईनं आधीच सांगितलं होतं का प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा साखरेले तोंडच लावत नाही. तसंच झालं, फोटो कोरा.

मंग गॅलियमची सुई. हे औषध त्या पेशींच्या अंगावरची खूण ओळखून तिथंच जाऊन चिकटते. स्कॅन झाल्यावर पडद्यावर पाह्यतो तर माहे जबडे, डोळ्यांचे कोपरे, किडन्या, सारं लग्नाच्या मांडवावानी पेटलेलं. मी बाकावर बसलो अन् पोराले, अश्वजितले, वावराचे कागद कुठं ठेवले ते सांगू लागलो. डॉक्टरीणबाईंनी मले पाणी पाजलं.

“काका, हे सगळ्यांचंच चमकतं. तुमचं दुखणं फक्त हे एवढंच,” त्या म्हणाल्या.

ओटीपोटात एकच ठिपका, तुरीच्या दाण्याएवढा. लवकर सापडला, म्हणून नेम धरून किरणं देता येतात, अन् आशा चांगली हाय म्हणे. भाऊजी, कॅन्सरचा पत्ता सापडल्यावर माणसाले इतका आनंद होते, हे मले ठाऊक नव्हतं.

सुईतलं औषध अंगातून किरणं सोडते, म्हणून काही तास गरोदर बाईपासून दूर राहा, असं सांगून धाडलं होतं. सून रूपाले सातवा महिना. माह्या बायकोनं, अंजनानं, काही तासांचे दोन दिवस केले अन् माहं ताट गोठ्यात लावलं. मंग तिले आठवलं का गायबी गाभण हाय. तिथूनबी उठवलं.

येत्या सोमवारपासून किरणं सुरू. ताईले सांगा, जेवण चांगलं जाते.

तुमचा,
देवमन

ता.क. : मी घाबरलो होतो, हे ताईले सांगू नका.

आणखी एक : ताई फोनवर म्हणे, तुमी दोन वर्षांपासून रक्तच तपासलं नाही. हे पत्र त्याच्याचसाठी. शनिवारी कारंज्याच्या लॅबमधे तुमचं नाव देऊन ठेवलं, मी स्टँडवर उभा राहीन. या तपासणीले उपाशी राहा लागत नाही, तवा तो बहाणा घरीच ठेवून या.