रविवारी दहा वाजता ड्रिल

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी उठलो. चहा केला. अंडी उकडायला ठेवली आणि वाचनालयात पेपर वाचायला गेलो. परत आलो तर माझं दार उघडं. दारात खालच्या वहिनी (त्यांच्याकडे आपली एक किल्ली असते), सोसायटीचे सेक्रेटरी आणि वॉचमन. वॉचमनच्या हातात ओलं पोतं.

याला आग म्हणता येणार नाही. धूर होता. पाणी आटलं, अंडी फुटली, भांडं गेलं. एक अंडं छतापर्यंत पोचलं होतं.

वहिनींनी लगेच मुलीला कळवलं. मुलीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, महिनाअखेरीस तुम्ही माझ्याकडे यायचं. जागा भाड्याने देऊन टाकू. आई गेल्यापासून ही तिसरी वेळ."

मी शांतपणे म्हणालो, दुसरी. दुधाचं धरू नकोस. दूध सगळ्यांचंच उतू जातं.

ही गेली त्याला आठ महिने झाले. मी पूर्ण सावरलो आहे. अंडी चार लावली होती ती केवळ सवयीने.

जागा सोडण्याचा प्रश्नच नाही. मुलीला दाखवून देईन.

५ फेब्रुवारी, बुधवार

दाखवून देण्याची संधी चोवीस तासांत आली. सोसायटीची मीटिंग. अग्निशमन दलाचं पत्र आलं आहे की प्रत्येक इमारतीने एक फायर वॉर्डन नेमावा. सेक्रेटरींनी विचारलं, कोण होतंय? सगळे फरशीकडे बघू लागले. मी हात वर केला.

खालच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजींनाच करा. अनुभवी माणूस हवा." सगळे हसले. कौतुकाचं हसू होतं. बिनविरोध निवड.

तशी माझी पात्रता आहेच. मी आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात होतो. तक्रार विभागात का असेना. आगीला शेवटी लागतं ते पाणीच.

मुलीला फोन करून सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "बाबा, कशाचे वॉर्डन?"

८ फेब्रुवारी, शनिवार

फायर स्टेशनवर गेलो. तिथल्या साहेबांनी स्वतः बंब दाखवला. दोन्ही बाजूंची शटर वर केली की आत सगळं जागच्या जागी. होज पाइपच्या गुंडाळ्या, पहारी, कुऱ्हाड, कटर, दोर. एकही वस्तू दुसरीवर ठेवलेली नाही. हिला फार आवडलं असतं. कपाट असं लावा, म्हणाली असती.

साहेबांनी मला ड्रायव्हरशेजारी बसू दिलं. एक बटण दाबून पाहिलं. सायरन. दोन जवान एकेका बुटात धावत आले. प्रतिसाद समाधानकारक. साहेबांनी मला खाली उतरायला सांगितलं.

वॉर्डनचं काम: भोंगा झाला की वरच्या मजल्यापासून खाली येत प्रत्येक दारापाशी थांबायचं. आधी दाराला हाताची पालथी बाजू लावायची. दार गरम असेल तर उघडायचं नाही. गार असेल तर दार थोपटायचं, मोठ्याने हाक मारायची. आत कोणी आहे असं कळलं तर जवानाला सांगायचं आणि बाजूला व्हायचं. साहेब म्हणाले, "आत माणूस आहे म्हटलं की आम्ही मग दार बघत नाही."

हे वाक्य मला आवडलं.

रविवार तेवीस तारखेला बंब घेऊन येतो, इमारतीत सराव करू, म्हणाले. मुलीलाही बोलावणार आहे. महिनाअखेरीच्या आतच बसतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सराव सुरू. आधी न्हाणीघराचं दार, मग बेडरूमचं. मग इमारतीतली सगळी. दुपारी खालच्या वहिनींच्या दाराला हात पालथा लावून उभा होतो तर त्यांनीच दार उघडलं. म्हणाल्या, "काय हो भाऊजी, दाराला ताप आलाय का?"

मी म्हणालो, नाही, नॉर्मल आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज वॉचमनला फायर एक्स्टिंग्विशर शिकवला. सिलिंडरवरच्या सूचना इंग्रजीत. मी त्यांचं सोपं मराठी केलं. पिन ओढा, नेम धरा, दाबा, झाडा. पाठ करून घेतलं. मग म्हटलं, आता तू कर. तो पिन ओढायच्या आधीच गायब. परत आला तो झाडू घेऊन.

मी समजावलं की झाडायचं म्हणजे नळी डावीकडून उजवीकडे फिरवायची. तो म्हणाला, "मग फिरवा म्हणा ना साहेब." मुद्दा चर्चेचा आहे. फिरवून दाखवताना दांडा जरा जास्त दाबला गेला. सिलिंडर पूर्ण रिकामा झाला. जिना, सायकली, पत्रपेट्या आणि सेक्रेटरींची मोटार पांढरी. मोटार आधी काळी होती.

झाडू लागलाच. वॉचमनमध्ये दूरदृष्टी आहे.

नवीन सिलिंडर मागवायचा आहे. सेक्रेटरी बोलत नाहीत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मुलगी रविवारी यायला तयार. म्हणाली, "येते, पण बाबा, विषय बदलू नका. बंब आला म्हणून मी माझं म्हणणं सोडणार नाही." मी म्हणालो, आधी बघ. सगळी इमारत पाच मिनिटांत खाली उतरवून दाखवतो. मग सांग, हा माणूस एकटा राहू शकतो की नाही.

ती म्हणाली, "या दोन गोष्टींचा संबंध काय?"

सरळ संबंध आहे. ज्याच्यावर सगळी इमारत सोपवता येते त्याच्यावर एक गॅस सोपवता येत नाही का?

बोलताना चहा उतू गेला. किरकोळ.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नोटीस लिहिली. आधी लिहिलं होतं, "रविवारी इमारतीत बंब येणार आहे." वहिनींनी माझ्या खांद्यावरून वाचलं. म्हणाल्या, "बंब? का, गिझर बिघडला का सगळ्यांचा? आणि इतकी लाकडं कुठे ठेवणार?"

शब्द जुना पडला. खोडून आधुनिक शब्द घेतला. अंतिम मसुदा:

"रविवारी सकाळी दहा वाजता संपूर्ण इमारतीत ड्रिल होईल. सर्वांनी सहकार्य करावे."

सुटसुटीत. तक्रार विभागात इतकी वर्षं घालवली ती फुकट नाहीत. लिफ्टशेजारी चिकटवली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नोटिशीला जबरदस्त प्रतिसाद! दिवसभर लोक थांबवून विचारत आहेत. इतकी जागरूकता मला अपेक्षित नव्हती.

पहिल्या मजल्यावरची सून म्हणाली, "काका, किती वेळ चालेल? आमचं बाळ आवाजाने झोपत नाही." मी म्हणालो, बाळाला घेऊन सरळ बाहेर पडायचं, मागे वळून बघायचं नाही. ती म्हणाली, माहेरी जाते मग. इतक्या लांब जायची गरज नाही, पण उत्साह महत्त्वाचा.

चौथ्या मजल्यावरच्या मास्तरांनी विचारलं, भिंतींना काही होणार नाही ना? मी म्हणालो, मास्तर, भिंतींचं काय घेऊन बसलात, माणसं वाचली पाहिजेत. ते गंभीर झाले.

सेक्रेटरी नऊ दिवसांनी माझ्याशी बोलले. धूळ फार उडेल का? मी म्हणालो, धूळ नाही, थोडा धूर. त्यांनी मोटार आत्ताच मेहुण्याकडे नेऊन ठेवली.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, रविवारचा एक दिवस मिळतो हो माणसाला." मी म्हणालो, वहिनी, संकट वार बघून येत नाही. त्या म्हणाल्या, "ते दिसतंच आहे."

मुलगी साडेनवाला येते आहे. शर्टाला इस्त्री केली. इस्त्री बंद केली. पुन्हा जाऊन पाहिलं. बंदच होती.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.५०

घाईत लिहितो. इमारत रिकामी आहे! भोंगा अजून वाजायचा आहे आणि आत एक माणूस नाही. वॉचमनने सांगितलं, साडेआठपासून सगळे रांगेने बाहेर पडले. कोणी डबे घेऊन, कोणी छत्री घेऊन. एक कुटुंब तर सिनेमाला.

याला म्हणतात शिस्त. मुलगी खाली उभी आहे. तिला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, "बाबा, माणसंच नाहीत तर बघू काय?" तिला या क्षेत्राची माहिती नाही. माणसं नसणं हाच तर उद्देश.

बंब आला. कोपऱ्यावरून सायरन. चाललो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७

बंब फाटकातून आत आला. साहेब उतरले. विचारलं, लोक कुठे आहेत? मी म्हणालो, बाहेर पडले. भोंग्याच्या आधी? आधीच. साहेबांनी घड्याळ पाहिलं, इमारत पाहिली, मला पाहिलं. म्हणाले, "असं कधी पाहिलं नाही."

तरी नियमाप्रमाणे भोंगा वाजवला. मी एका जवानाबरोबर वर गेलो. मुलगी खाली बंबापाशी थांबली. चौथ्या मजल्यापासून सुरुवात. हात पालथा लावायचा, दार थोपटायचं, हाक. मास्तर! कोणी नाही. पुढचं दार. कोणी आहे का? कोणी नाही. रिकाम्या जिन्यात आवाज छान घुमत होता. मला जोर चढला होता. तिसऱ्या मजल्यावर आलो. पहिलं दार आमचं. गार. थोपटलं. हाक मारली, "अगं, ऐकलंस का? चल, खाली चल!"

जवानाने विचारलं, "आत कोण आहे, काका?"

मी म्हणालो, "ही आहे."

"चालता येतं त्यांना?"

"गुडघे दुखतात. जिन्याला वेळ लागतो."

"ऐकू येतं?"

"टीव्ही लावला की नाही येत."

त्याने वायरलेसवर सांगितलं, तिसरा मजला, एक महिला आत, वयस्कर, प्रतिसाद नाही. मला बाजूला केलं. खालून आणखी दोघे पहार घेऊन आले. फार लवकर आले. कडी दोन हिसक्यांत निघाली. चौकटीचा एक तुकडाही आला.

किल्ली माझ्या खिशात होती. त्यांनी विचारली नाही. मी सांगितली नाही. का नाही ते माहीत नाही. ते इतके खात्रीने दार उघडत होते.

ते आत गेले. स्वयंपाकघर, न्हाणीघर, बेडरूम. पलंगाखाली वाकून पाहिलं. कपाट उघडलं. हाका मारत होते, "आई! ओ आई!" मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो.

मग जवान बाहेर आला. हेल्मेट काढलं. "आत कोणी नाही, काका."

मी म्हणालो, हो.

मुलीने खाली वायरलेसवर सगळं ऐकलं होतं. धावत वर आली, तिला धाप लागली होती. दार पाहिलं, मला पाहिलं. आधी हसायला लागली. जोरात. मलाही हसू आलं. मग ती जिन्यावर बसली आणि आम्ही दोघंही हसत नव्हतो.

सरावाच्या दृष्टीने प्रयोग उपयुक्त. जवानांची शोधपद्धत उत्तम. पलंगाखाली सहसा कोणी बघत नाही.

निघताना मुलगी म्हणाली, "बाबा, मी आता काही म्हणणार नाही. महिनाअखेर वगैरे राहू दे. तुम्हाला इथे राहायचं तर राहा." म्हणजे मी जिंकलो.

दाराला खुर्ची लावली आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सुतार येऊन गेला. नवी कडी, नवी चौकट.

इमारत माझ्यावर नाराज आहे. लोकांना वाटलं होतं भिंती फोडायचं ड्रिल, मशीनचं. वहिनी जिन्यात भेटल्या. "ड्रिल म्हणजे असलं होय! अहो, मी दिवसभर उन्हात बागेत बसले तुमच्या पायी. सरळ बंब लिहायचं ना!"

मी त्यांना बंबाबद्दल काही आठवण करून दिली नाही.

मग त्यांनी माझं दार पाहिलं. कोणीतरी त्यांना सांगितलेलं असणार. त्यांचा आवाज खाली आला. म्हणाल्या, "भाऊजी, चहा घेता का?" घेतला. त्या नंतर काहीच बोलल्या नाहीत. वहिनींच्या बाबतीत हे विलक्षण आहे.

संध्याकाळी सेक्रेटरींनी वॉर्डन बदलला. नवीन वॉर्डन वहिनी. निवड योग्य. त्यांचा आवाज भोंग्यापेक्षा लांब जातो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवस एकटा राहून पाहिलं. कोणी काही म्हणत नाही. फोन करून कोणी गॅसचं विचारत नाही. पूर्ण स्वातंत्र्य. संध्याकाळी साडेचारपासून काय करावं हे ठरत नाही.

दुपारी मुलीला फोन केला. म्हटलं, येतो. ती म्हणाली, "बाबा, मी जबरदस्ती नाही करत हं." मी म्हणालो, तसं नाही. इथे आत कोणी नाही. फायर ब्रिगेडने सगळ्या खोल्या बघून सांगितलं आहे. ती म्हणाली, शनिवारी गाडी घेऊन येते.

तात्पुरताच जातो आहे. बघू.

सामान आवरायला घेतलं. पलंगावरची मोठी चादर धुऊन वाळली होती. ती एकट्याने घडी करायची म्हणजे कसरत. दोन टोकं हातात, मधला भाग हनुवटीखाली धरला, तर खालची बाजू फरशीवर. पलंगावर पसरून केली तर कोपरे जुळेनात. शेवटी पुन्हा हनुवटीखाली धरली आणि हात लांब केले. जुळली. एक बाजू जरा बाहेर राहिली, ती आत खुपसली.