एका महिन्याचं व्याज

लार्नाका, सायप्रस
शुक्रवार, २९ मार्च २०१३. सकाळी ११ वाजून २० मिनिटे. बँकेबाहेर रांगेत आहे, माझ्यापुढे सतरा माणसं. वही भिंतीला टेकवून लिहितो आहे, अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे.

प्रिय लोइझोस,

मेलबर्नला तू आणि मुलं बरी असाल. इथे बाबांचा गुडघा सुधारतो आहे. दुकानात नळ आणि पाइप पडून आहेत, पण मालकाने अजून कुणाला काढलेलं नाही. आत्या वेळेवर जेवते, आईची काळजी करू नकोस.

माझ्या सांगण्यावरून आत्याने वरचे दोन्ही फ्लॅट विकले तेव्हा तू माझी टर उडवली होतीस, पैसे म्हणजे काय चर्चमधल्या श्राद्धाचे गहू आहेत, चौघांना वाटायला? माझं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. दोन्ही भाडेकरू एकाच बंदरात कामाला. तिथलं काम आटलं आणि सात महिने भाडं आलं नाही. एकोणसत्तर वर्षांच्या बाईने म्हातारपण एकाच इमारतीच्या भरवशावर काढू नये. दोन लाख तीस हजार युरो आले. ते दोन बँका, परदेशी रोखे आणि थोडं सोनं असे चार ठिकाणी ठेवायचे, हे मी कागदावर आखलं. सगळी जुळवाजुळव होईपर्यंत ते इथे एका महिन्याच्या ठेवीत टाकले.

तुला मी सांगितलं की वेळच मिळाला नाही. शनिवारी बातमी आली की सरकार बँकेतल्या ठेवी कापणार, सोमवारी सण, मग बँका बंद. तू म्हणालास, सरकारनेच लुटलं, तू काय करणार. आत्याही सगळ्यांना हेच सांगते.

लोइझोस, वेळ होता.

शुक्रवारी, पंधरा तारखेला, दुपारी पावणेएकला मी खिडकीशी उभा होतो. ठेव मोडायचा, आत्याच्या सहीचा कागद हातात होता. खिडकीवरच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आजच मोडा. सकाळपासून लोक मोडतायत."

"मंगळवारी मुदत संपते," मी म्हटलं. "आज मोडली तर आठशे बासष्ट युरो व्याज बुडेल."

त्यांनी कागद परत सरकवला. मी तो घडी करून खिशात ठेवला. आपण नीट हिशेब केला म्हणून घरी येईपर्यंत मला बरं वाटत होतं.

सोमवारी सणाचं जेवण शेतात म्हणून आत्याने दरवर्षीसारखी टोपली भरली, ऑलिव्ह, वाल, तीळ लावलेली रोटी. शेतात चादर पसरल्यावर तिने विचारलं, "हांबी, पैसे हलवले होतेस ना रे?" मी म्हटलं, बँक लवकर बंद झाली.

"मग तुझा काय दोष. खा."

लाखापर्यंतचे पैसे सुरक्षित आहेत म्हणतात. वरच्या एक लाख तीस हजारांचं कुणी निम्मं परत मिळेल म्हणतं, कुणी शून्य. उरलेल्या लाखाला आत्या हात लावायला तयार नाही, अजून किती वर्षं काढायची कोण जाणे म्हणते. परवा गेलो तर ती जिना पुसत होती. वरचे फ्लॅट ज्याने घेतले त्याच्याकडेच तिने काम मागितलं, आठवड्याला पंधरा युरो. मला बघून म्हणाली, "कडेने चढ, ओलं आहे."

दुपारी २ वाजून १० मिनिटे. आत्याच्या स्वयंपाकघरात.

तिला खरं सांगितलं. ती भांडी घासत होती, थांबली नाही. म्हणाली, "माहीत आहे. बँकेतल्या बाईंनी तेव्हाच सांगितलं. लोइझोसला कळवू नकोस, तो तुझ्याशी पुन्हा बोलायचा नाही."

तरी हे पत्र टाकतो आहे.

आज आत्याच्या खात्यातून काढले (रोजची मर्यादा): ३०० युरो.
वीजबिल: ११८. औषधं: ४१.६०. तिच्या हातात दिले: १४०.४०.
माझं तिला देणं: १,३०,०००. बँक जे परत देईल ते वजा.
माझ्या पगारातून आज दिले: २००.
बाकी: १,२९,८००. महिन्याला दोनशेप्रमाणे चोपन्न वर्षं आणि एक महिना.

तुझा मामेभाऊ, तू म्हणू देशील तोवर,
हांबिस