मार्चच्या पानावरचा खंड्या

११ जानेवारी
नवा कॅमेरा आला. तळ्यावरच्या लाकडी खोपटात सकाळभर बसलो. खंड्या आला, समोरच्या ओंडक्यावर बसला, सूर मारून मासा घेऊन गेला. माझ्याकडे ओंडक्याचे सुंदर फोटो आहेत.

हेतू लिहून ठेवतो, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. आमचं पक्षिमंडळ यंदा सगळ्यांचे वाढदिवस टिपून ठेवायचं नवीन कॅलेंडर छापतंय. मार्चच्या पानावर माझा खंड्या येणार हे नक्की. (डौवेला अजून सांगितलेलं नाही. तो अध्यक्ष आहे.) माझ्या बायकोचा, हिस्केचा, वाढदिवस मार्चमध्ये. आमच्याकडे हे कॅलेंडर सगळ्यांच्याच संडासात टांगलेलं असतं, म्हणजे अख्खा महिना ती दिवसातून चारदा तरी खंड्याखाली छापलेलं माझं नाव वाचणार. मग विचार करेल.

ती झ्वोलेला बहिणीकडे गेली आहे. तात्पुरती. येत्या ईस्टरला तीन वर्षं होतील.

१२ जानेवारी
माहितीपुस्तक वाचलं. ऑटोफोकसवरच चाळीस पानं. आपण काही नवशिके नाही, त्यामुळे मधलीच वाचली. ‘सब्जेक्ट ओळखणे’ असा एक पर्याय आहे, कॅमेऱ्याला कोणाचा डोळा शोधायचा ते सांगायचं. कारखान्यातून येतं तेच ठेवा, असं नवशिक्यांना सांगितलंय. मीही तेच ठेवलं, पण अभ्यासाअंती.

१६ जानेवारी
‘सिंगल’वर ठेवला होता. एकदा फोकस लागला की तिथेच राहतो. खंड्या राहत नाही. उद्यापासून ‘कंटिन्युअस’.

१७ जानेवारी
कंटिन्युअस. कॅमेरा आता सतत फोकस शोधतो. गवताची काडी सापडली. दोनशे फोटो, सगळे काडीचे. काडी फार शार्प आली आहे.

२० जानेवारी
एकच बारीक पॉइंट वापरून पाहिला. पॉइंट अचूक, पण खंड्या पॉइंटात येईना. दोष पक्ष्याचा.

संध्याकाळी डौवे सायकल थांबवून विचारत होता, काय रे वीबे, पक्ष्यांचे फोटो काढतोस की धुक्याचे? मी सांगितलं, थांब लेका, फेब्रुवारीच्या शेवटी निवड आहे ना, तेव्हा बोलू. मग तो म्हणाला, घरी ये कधी, मटाराचं सूप आहे. मला वेळ नाही म्हणालो. वेळ होता. त्याची बायको फार प्रश्न विचारते.

घरी आलो. पावाला चीज लावून खाल्लं. घर शांत होतं. मला शांतता आवडते. आज नाही आवडली.

२८ जानेवारी
चष्म्यावर वाफ धरते आणि तो व्ह्यूफाइंडरवर आपटतो. काढून ठेवला. आता आत सगळं पुसटच दिसतं, पण त्यानं बिघडत नाही. आपण दिशा द्यायची, बाकीचं कॅमेऱ्यानं करायचं. फोकस लागला की हिरवा चौकोन पेटतो, तेवढा चष्म्याशिवायही दिसतो. लागला म्हणजे लागला.

५ फेब्रुवारी
निश्चय: बारीक पॉइंट बंद. संपूर्ण फ्रेम. कॅमेऱ्याला मोकळं सोडायचं, विश्वास टाकायचा. हिस्के म्हणायची की मी कोणावर विश्वास टाकत नाही. बघ म्हणावं.

९ फेब्रुवारी, सकाळी
आज माझा वाढदिवस. फोन बंद करून निघालो, नाहीतर दिवसभर शुभेच्छांचा मारा व्हायचा आणि खंड्या बिथरायचा. केक आणला नाही. साखर कमी करतोय. गेल्या वर्षी आणला होता, पाहुण्यांसाठी खुर्च्याही रीतसर गोल मांडल्या होत्या, आठ. डौवे एकटाच आला आणि कुठल्या खुर्चीत बसावं हे त्याला कळेना.

९ फेब्रुवारी, दुपारी
झालं! मिळाला! खंड्या ओंडक्यावर, ऊन तिरपं, आणि हिरवा चौकोन असा पेटला की हलायचं नाव नाही. बोट दाबून धरलं, धडाधड बर्स्ट, एकामागून एक फोटो.

तेवढ्यात पलीकडच्या बांधावर कोणी बाई येऊन उभी राहिली. पिवळा रेनकोट, हातात डबा, आणि खुशाल हात हलवतेय. आमच्याकडे बांधावर दिसेल त्याला हात करायची पद्धत आहे, मान्य, पण समोर माणूस काम करतोय हे कळायला नको? उजवं बोट शटरवरून काढलं नाही. खोपटाच्या खिडकीतून डावा हात बाहेर काढला आणि जा, जा केलं. दोनदा. उभी राहिली थोडा वेळ, मग गेली. खंड्या मात्र बसून होता. माझा दरारा.

मागच्या छोट्या पडद्यावर पाहिलं. पुढे निळं, मागे पिवळं. रंगसंगती अप्रतिम. लॅपटॉप फार हळू चालतो, म्हणून कार्ड तसंच पाकिटात घालून डौवेच्या दारावरच्या टपालपेटीत टाकलं.

रात्री फोन चालू केला. अनोळखी नंबरावरून दोन मिस्ड कॉल. विजेची कंपनी बदला म्हणणारे असणार. वाढदिवसालाही सोडत नाहीत. दुसरं कोणी नाही. हिस्के जन्मात कोणाचा वाढदिवस विसरलेली नाही, सकाळी कॅलेंडर बघूनच बाहेर यायची. माझा विसरली. असो. मार्च येतोय.

२७ फेब्रुवारी
निवडीची संध्याकाळ, शाळेच्या हॉलमध्ये. सगळं मंडळ हजर. कॉफी, एकेक बिस्कीट, मग डबा बंद. बगळा झाला, टिटवी झाली. मग डौवे म्हणाला, आता आपल्या वीबेचा खंड्या. मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती.

भिंतभर फोटो. खालच्या कोपऱ्यात निळा डाग. आणि मागे, पापणीचा केस न् केस मोजावा इतकी स्वच्छ, हिस्के.

मग डौवेच्या बायकोनं विचारलं, अगं बाई, ही हिस्केच ना?

डौवेला वाटलं, पुढच्या एखाद्या फोटोत पक्षी नीट आला असेल. तो बटण दाबत गेला. बर्स्ट होता. हिस्केचा हात वर. हिस्के हसतेय. डब्यावर बेकरीची लाल फीत. हात अजून वर. मग हात अर्ध्यावर थांबलेला. मग हसू नाही. मग खाली बघतेय. मग पाठ.

मी म्हणालो, पुरे. डौवेनं दिवा लावला.

नंतर बाहेर त्यानं माझा कॅमेरा मागून घेतला आणि मेनूत शिरला. हळूच म्हणाला, लेका, सब्जेक्ट ‘माणूस’वर आहे. फ्रेममध्ये माणूस दिसला की हा पक्ष्याकडे ढुंकून बघायचा नाही. ‘पक्षी’वर करून देऊ का? मी म्हटलं, राहू दे. सूप प्यायला चल म्हणाला. गेलो. त्याच्या बायकोनं एकही प्रश्न विचारला नाही.

२८ फेब्रुवारी
त्या अनोळखी नंबरावर फोन केला. हिस्केनंच उचलला, नवीन नंबर घेतलाय. म्हणाली, हो, मीच होते. सफरचंदाचा केक आणला होता, म्हटलं तू काही आणणार नाहीस. दोनदा फोन लावला, लागेना. शेजारणीनं सांगितलं तळ्यावर असशील. तू जा म्हणालास, गेले. अर्धा केक बसच्या ड्रायव्हरनं खाल्ला, चांगला होता म्हणे.

मी ऑटोफोकसचं सगळं समजावून सांगितलं. सिंगल, कंटिन्युअस, चष्मा, सगळं. तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

विचारलं, तुझ्या वाढदिवसाला येऊ का, केक मी आणतो. म्हणाली, नको रे वीबे, त्या दिवशी इथे इतकी माणसं येतात, खुर्च्या पुरत नाहीत. माझ्याकडे आठ पडून आहेत, हे ओठावर आलं होतं.

मार्चच्या पानावर टिटवी घेतली आहे. चांगली आहे टिटवी.

१४ मार्च
हिस्केचा वाढदिवस. सकाळी फोन केला. मागे बराच गोंगाट होता, नंतर करते म्हणाली.

तळ्यावर आलो. फोन चालू ठेवलाय. चष्मा लावलाय, वाफ पुसत बसतो. सब्जेक्ट: माणूस. आता मुद्दाम.

खंड्या आला. ओंडक्यावर, अगदी जवळ, डोळ्यात उजेड. बराच वेळ बसला. कॅमेरा वर उचलून पलीकडच्या बांधावर धरला. फोकस शोधणारा पांढरा चौकोन बांधावर इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहिला. हिरवा काही झाला नाही.