लाखेखालची वेल

दि. ४ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं ताईने कळवलं, जिवात जीव आला. आता तिच्याकडेच निमूट पडून राहा. दुकान मी सांभाळतेय.

हेडबाईंचं कपाट आलंय. तेच, ज्याच्या दारावर तुम्ही वेल रंगवून वर लाख चढवली होती. पाइप फुटून घरात पाणी झालं आणि दार अर्ध्यापर्यंत पांढरंफटक पडलंय. वेल दिसतच नाही. बाई म्हणतात, वेल राहिली तर कपाट ठेवीन, नाहीतर नको. काय करू ते कळवावं.

आपली,
धाकटी

दि. ९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

डोळ्यात औषध आहे, म्हणून ताईकडून लिहून घेतोय. विचारायचं काय त्यात? सगळी लाख खरवडून काढ. वेल गेली तर जाऊ दे, मी आल्यावर तशीच दुसरी काढीन. स्वतःची अक्कल पाजळू नकोस. लाखेचं काम आहे, लाखाचे बारा हजार व्हायचे. ताई लिहिताना हसतेय. वेळेवर जेवत जा.

तुझा,
बाबा

दि. १६ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

खरवडलं नाही. रागवा, पण पुढचं वाचा. लाकूड भिजलं असतं तर डाग काळा पडला असता. हा पांढरा होता, म्हणजे ओल लाखेतच अडकलेली. दार सावलीत वाळू दिलं, मग कापडाच्या बोळ्याला नावापुरतं स्पिरिट लावून अलगद फिरवलं. लाख जराशी मऊ झाली, ओल निघून गेली. दुपारपर्यंत कळ्यासुद्धा दिसायला लागल्या आणि मी दुकानात एकटीच हसत बसले. तुम्ही दुसरी काढाल हो, पण मला हीच हवी होती.

खालच्या कोपऱ्यात मात्र लाखेचा पोपडा निघाला आणि त्याबरोबर एक पान गेलं. ते काढायचं काम तुमच्यासाठी ठेवलंय. बाई थांबायला तयार आहेत.

या खेपेपुरती आपली अवज्ञाधारक,
धाकटी

दि. २२ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र माझ्या हातचं. दोनदा लिहून फाडलं, आता जसं आलंय तसं पाठवतोय. या वाकड्यातिकड्या ओळींत डोळ्याचा काही दोष नाही. माझा हात वर्षभर कापतोय. बारीक काम तुझ्याकडे सरकवत होतो ते त्यासाठीच. दुसरी वेल काढीन ही नुसती मिजास होती. माझं ऐकलं असतंस तर ती कायमची गेली असती. नाही ऐकलंस, फार बरं वाटलं.

ते पान तूच काढ. दुसऱ्याच्या हातचं आहे हे दिसेल. दिसू दे.

लोभ काय सांगायचा, तो आहेच.

तुझा,
बाबा