खालच्या बँडवरची हाक

२ डिसेंबर
माझ्या यामिनीशी हसून बोलला म्हणून कॉलेजच्या गेटवर मी केदारच्या कानाखाली जाळ काढला, त्या क्षणापासून सगळं फिरलं. केदारचं काही नाही, पण यामिनी म्हणाली, आता तीनदा हाक मारलीस तरी ओ देणार नाही. मी कॉलेजच सोडलं.
असो. आज भंडारदऱ्याला पोचलो. जागा एक नंबर! दत्तोपंतकाकांचं पत्र्याचं घर, समोर धरणाचं पाणी. काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे गेलेत. त्यांचा हॅम रेडिओ सांभाळायचा आणि छपरावरची तार खालच्या बँडला चालेल अशी करायची, एवढंच काम. लायसन काकांचं, म्हणून मी नुसतं ऐकायचं. माईकला हात लावायचा नाही, असं बजावून गेलेत.

४ डिसेंबर
खालच्या बँडला तार लांब लागते. इथे जागा कुठाय? एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला हिरडा, पुढे नुसता उतार. म्हणून पीव्हीसी पाइपवर तांब्याची तार गुंडाळून कॉइल केली आणि मधे जोडली. तेवढ्याच जागेत तार लांब असल्यासारखी वागते. काल रशियावाले बडबडत होते, आज पुणे, नाशिक. काका म्हणालेच होते, बँड जितका खाली तितके आवाज जवळचे.
स्वयंपाकाला लंकामावशी येतात. माझ्या तारेवर त्यांनी टॉवेल वाळत घातला. मी भडकलो, तर म्हणतात, रेडूला गानी लागत न्हाईत, मग टावेल तरी वाळू दे की बाबा.

७ डिसेंबर
कॉइलला वेढे वाढवले. ऐंशी मीटरचा, आणखी खालचा बँड लागला. दिवेलागणीला खरखरीतून बाईचा आवाज आला. सुशा. सुशा. दोनदाच. माझ्या सुश्रुत नावाचं सुशा फक्त यामिनी करते.
लंकामावशींना सांगितलं. त्यांच्या हातातली भाकरी हातातच राहिली. म्हणाल्या, हितं नावानं हाक आली तर तिसऱ्या हाकंबिगर ओ द्यायची न्हाई. पान्यातलं जे हाय, त्याला तिसरी हाक मारताच येत न्हाई. माजा दीर अजिनाथ दुसरीलाच ओ म्हनला, चपला तेवढ्या काठाव ऱ्हायल्या. येकाला नेलं की मग वरीसभर गप असतं ते.
मी हसलो.

९ डिसेंबर
झोप नाही. अंग ठणकतंय. पुन्हा तेच, सुशा, सुशा. डोकं फिरलं आणि माईक दाबला. रेडिओवर हाक तीनदा मारायची रीत आहे, तशीच मारली. यामिनी, यामिनी, यामिनी.
नुसती खरखर. मग माझ्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, यामिनी. यामिनी. आणि थोडं थांबून, नवीन धडा गिरवल्यासारखं, यामिनी.
मीच शिकवली. तिसरी.

१० डिसेंबर
कॉइल फोडली. तार उतरवली. रेडिओचं बटण बंद. तरी पत्र्यातून खरखर येते. फार दमलोय.

११ डिसेंबर
टेकडीवर रेंज मिळाली. यामिनीला फोन लावला. उचलला! नगरला हॉस्टेलवरच आहे, ठीक आहे. म्हणाली, काल खिडकीखाली येऊन किती केविलवाणी हाक मारलीस रे, तीनदा. ओ दिली नाही, पण रडले. आज आलास तर देईन.
मी ओरडलो, तो मी नव्हतो, ओ देऊ नकोस! ती म्हणाली, झालं तुझं सुरू, परत ओरडतोयस. ठेवला. मग स्विच ऑफ.
हळू बोललो असतो तर—
नगरची गाडी गेली. दुसरं काही मिळेना.

दिवेलागण
आज ती ओ देणार आहे.
एकाला नेलं की वर्षभर गप. एकाला.
दाराशी आलंय. तिच्याच आवाजात. सुशा.
ती यामिनी नाही, मला माहीत आहे. पण त्याने तिला हाक मारायच्या आधी मी—
सुशा.
वही हातातच आहे. बाहेर आलो. दार ओढून घेतलं. कडी घातली. अंगणात ओल्या पावलांचे—
सुशा.
ओ. आलो, यामि—