दुरुस्तीचं पथ्य

गोडादरा, सुरत
रविवार

प्रिय मित्र धुडकू यास,

हिलालचा राम राम. वहिनींचे गुडघे आणि तुझी म्हैस, दोन्हींची खुशाली कळव. (म्हशीची आधी कळवलीस तरी वहिनींना सांगणार नाही.) फोन करत नाही, कारण तू फोनवर ओरडून बोलतोस आणि वत्सला सगळं ऐकते. शेजारचा दीपक उद्या गावी निघालाय, त्याच्याच हाती पत्र देतोय.

वत्सलाच्या कॅन्सरच्या गोळ्यांना तीन महिने होत आले. गोळी लागू पडली की नाही, ते गुरुवारी रिपोर्टमध्ये कळेल. आम्ही मजेत आहोत. तू यायची मुळीच गरज नाही.

गोळीची तऱ्हा ऐक. आपल्या पेशीत म्हणे धागे असतात, ते रोज तुटतात आणि आतले कारागीर ते सांधतात. ही गोळी सांधणाऱ्यालाच अडवते. आमची हर्षदा वडोदऱ्याच्या प्रयोगशाळेत याच जातीचं नवं औषध शोधते. बापाने तीस वर्षं लूमवर तुटलेले तार जोडले, आणि लेकीला पगार जोडणाऱ्याचे हात धरण्याचा! मी रुसलोच. तेव्हा तिने नवागामच्या कारखान्याची गोष्ट काढली. आठवतं? मी रजेवर गेलो की माझे लूम तू बघायचास, तू गेलास की तुझे मी, आणि कापड बिनडाग निघायचं. फक्त त्या दुपारी आपण दोघंही एकदम डिंडोलीच्या कुस्त्यांना सटकलो आणि कापडाचा अख्खा ताका मासे धरायच्या जाळ्यासारखा निघाला. (कुस्ती मात्र झकास झाली होती.) हर्षदा म्हणाली, "बाबा, रोगी पेशीतून धुडकूकाका आधीच पळालेले असतात. गोळी तुम्हाला बांधून ठेवते, की त्या पेशीचा ताका बाद. चांगल्या पेशीत काका जागेवर असतात, तिचं भागतं." तुझ्या पळण्याचा कुणाला उपयोग होईल, असं वाटलं नव्हतं. आता नवागामला नवी मशिनं आलीत. तार तुटला की आपोआप थांबतात, शेजारच्याला हाक मारावी लागत नाही.

पण औषध म्हटलं की पथ्य आलंच. डॉक्टरांनी सांगितलं नाही, म्हणून मीच ठरवलं: घरात दुरुस्ती बंद. नळ गळू दिला, पंखा कुरकुरू दिला, शर्टाला बटणाऐवजी पिन लावली. (पिन म्हणजे दुरुस्ती नव्हे.) वत्सला म्हणाली, "तुम्हले येड लागनं का? गोळी मी खास, घर नही!" (गोळी खाणारी ती, घर नव्हे, हे कबूल.) काल हर्षदा आली, मोडक्या खाटेवर बसली आणि खाटेसकट खाली गेली. मायलेकी इतक्या हसल्या की वत्सलाला धाप लागली. असं हसणं या घरात फार दिवसांनी ऐकलं. हर्षदा म्हणते, पथ्याचा काही संबंध नाही. मलाही पटतं. पण गुरुवार चार दिवसांवर असताना पाना उचलायला हात धजत नाही.

तुझा,
हिलाल

ता. क. बाहेरच्या माणसाने दुरुस्ती केली तर पथ्य मोडत नाही, असं मी ठरवलंय. तुझा पाना घेऊन बुधवारपर्यंत पोच.

ता. क. २. पाकीट चिकटवायला उठलो तर नळ गळायचा थांबलेला. खाट उभी. खुंटीवरच्या शर्टाला बटण. वत्सलाने मी लिहीत असतानाच सगळं उरकलं आणि आता त्याच खाटेवर निजलीय. पाना आणू नकोस. तू ये.